बेडकासाठी कुणी फोन करत नाही

मृगाचा पाऊस पडून गेला की आमच्या गटाचा फोन दुपारपासून वाजायला लागतो, तो रात्री उशिरापर्यंत. बिळांत पाणी शिरतं, उंदीर बाहेर पडतात, त्यांच्या मागावर साप निघतात आणि नाशिकच्या घराघरांतून एकच वाक्य कानावर येतं, "ताई, साप निघालाय, लवकर या." हा फोन सध्या माझ्याकडे असतो. साप पकडण्यात गटातले बाकीचे माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. मी कॉल घेते, पत्ता खोदून खोदून विचारते, जवळपास कोण आहे ते बघते आणि तो पोहोचेपर्यंत समोरच्या माणसाशी बोलत राहते.

शहर जिथे जिथे मळ्यांत शिरलं, तिथून सगळ्यात जास्त कॉल येतात. पाथर्डी फाटा, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव. गंगापूर रोडला एकेकाळी द्राक्षाचे आणि उसाचे मळे होते, आता सोसायट्या आहेत. पीक गेलं तरी उंदीर तिथेच राहिले, आणि त्यांच्यापाठी धामणही राहिली. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून येणारे कॉल बहुतेक रात्रपाळीचे. पॅलेटच्या ढिगाखाली, केबलच्या चरात, कॅन्टीनच्या मागे.

जिल्हा म्हणाल तर सापांच्या बाबतीत फार श्रीमंत. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर येवल्याकडे जेमतेम पाचशे-सहाशे. त्यामुळे पश्चिमेला घाटाच्या कडेने हिरवागार चापडा आणि जमिनीखाली राहणारा खापरखवल्या, पूर्वेच्या माळावर दगडाखाली फुरसं, आणि मधल्या बागायती पट्ट्यात नाग, घोणस, मण्यार, धामण, तस्कर, दिवड, नानेटी. पाण्याकाठी दिवड आणि बांधावर नानेटी तर इतक्या नेहमीच्या, की जुने शेतकरी त्यांच्याकडे मान वळवूनही बघत नाहीत. घाबरतात ती फ्लॅटमधली माणसं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांना हे कुणी दाखवलेलंच नसतं.

फोनवर पहिला प्रश्न असतो, साप आत्ता डोळ्यांसमोर आहे का? असेल तर एकाने लांबून नजर ठेवायची, मुलांना आणि कुत्र्याला आत घ्यायचं, काठी हातात घ्यायची नाही, जमल्यास झूम करून फोटो पाठवायचा. फोटो आला की पुष्कळ वेळा काम तिथेच संपतं. चकचकीत अंगाची, आखूड पायांची सापसुरळी असते. ती पूर्ण निरुपद्रवी. "काकू, तिला पाय आहेत बघा चार. जाऊ द्या, ती तुमची झुरळं खाते." काकूंचा श्वास खाली येतो तो फोनवरही ऐकू येतो.

कवड्या असला तर मात्र मी दोनदा बघते. कवड्या बिनविषारी. पाली खायला भिंतीवर चढतो, खिडकीतून, पाइपवरून तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. त्याच्यासारखीच काळी, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार म्हणजे आपल्याकडचा अतिशय जहाल साप. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं, पुढच्या भागात ते बरेचदा नसतातच, शेपटीकडे ठळक होत जातात, आणि पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. फोटो धूसर असेल तर मी पैज लावत नाही, माणूस पाठवते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते, आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, घरचे अपचन समजून ओवा देतात, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर यातलं पुष्कळसं टळतं. पावसाळ्यात फोनवर मी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट बहुधा हीच असेल.

गटात सातपूरला पाळीवर जाणारा फिटर आहे, दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी एक मुलगी आहे, निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजची पोरं आहेत. पेट्रोल ज्याचं त्याचं. कॉलवर पैसे मागायचे नाहीत हा नियम पहिल्या दिवसापासूनचा. साप पकडणाऱ्यांची वनखात्याकडे नोंद असते, पकडलेला प्रत्येक साप वहीत लिहिला जातो, कुठून आणला आणि कुठे सोडला यासकट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे, त्यामुळे हौस म्हणून साप घरी ठेवणं किंवा चार लोकांत खेळवणं याला जागाच नाही. फणा काढलेल्या नागाबरोबर व्हिडिओ काढायचा नाही, साप गळ्यात घालायचा नाही, हातात घेऊन माहिती सांगायची नाही. या बाबतीत आम्ही कडक आहोत आणि असायलाच हवं. महाराष्ट्रात सर्पमित्रच दंशाने गेल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि त्यातल्या पुष्कळ वेळी साप आधीच ताब्यात आलेला असतो. पुढचा खेळ जिवावर बेततो.

पिशवी आणि पाइपची पद्धत ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. कापडी पिशवीचं तोंड प्लॅस्टिकच्या पाइपला घट्ट बांधायचं, पाइपचं मोकळं टोक सापासमोर जमिनीला टेकवून ठेवायचं आणि स्टिकने मागून हलकेच दिशा द्यायची. भेदरलेल्या सापाला अंधारं भोक हवंच असतं. तो आपल्या पायांनी गेल्यासारखा सरळ आत जातो. हाताचा स्पर्शही होत नाही. गल्लीत जमलेल्या लोकांची थोडी निराशा होते. "बस, एवढंच?" म्हणून कुणीतरी विचारतोच.

मला सगळ्यात जवळचा वाटणारा कॉल मोहाडीजवळच्या एका द्राक्षबागेतला. पाखरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीत धामण अडकली होती. साप जाळीत पुढे घुसतो, अंगाच्या जाड भागाशी आला की रुततो, आणि मागे फिरावं तर खवले उलटे अडकतात. जितका ओढतो तितका दोरा मांसात शिरतो. ही चांगली सहा फुटांच्या वरची होती, पाच-सहा ठिकाणी दोरा कातडीत गेलेला, एका जखमेला मुंग्या लागलेल्या. आमच्या फिटरने तोंडावर ओलं फडकं टाकून डोकं धरलं, लॅबवाल्या मुलीने भरतकामाची छोटी कात्री घेतली, आणि मी मोबाइलचा उजेड धरून बसले. दोरा ओढायचा नाही, बोथट टोक खवल्याखालून सरकवायचं, दोरा थोडा उचलायचा, मगच कापायचा. एकेका फासाला किती वेळ जातो ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. शेवटचा फास मानेशी होता, तिथे ती काही क्षण श्वास रोखून राहिली. कापला तेव्हा धामणीच्या अंगातला ताण उतरलेला फिटरच्या हाताला कळला.

तेवढ्यात बागायतदाराच्या आई पितळी ताटलीत पाणी घेऊन आल्या. "बया, तहानली आसल ती, पाज तिला." धामणीने खरंच पाणी प्यायलं, जबडा ताटलीच्या कडेला टेकवून, बराच वेळ. आम्ही तिला न्यायला पिशवी काढली तर बागायतदार म्हणाले, "नेता कशाला? इथंच सोडा. उंदरांनी ठिबकच्या नळ्या कुरतडून पार वाट लावलीय." जखमा वरवरच्या होत्या, साप तरतरीत होता. तिथेच बांधाच्या कडेला सोडली. जाळीचा खालचा भाग त्यांनी त्याच दिवशी गुंडाळून वर घेतला.

असा कॉल मला हवा असतो. साप उचलून लांब नेला की सगळ्यांना बरं वाटतं, पण सापाला आपली जागा ठाऊक असते, कुठे लपायचं, कुठे खायला मिळतं, थंडीत कुठे शिरायचं. अनोळखी रानात सोडलेला साप भटकतो, आणि भटकणारा साप रस्त्यावर चिरडला जातो किंवा दुसऱ्या वस्तीत निघतो. म्हणून शक्य तिथे जवळच सोडायचा, आणि धामण, तस्करसारखा बिनविषारी साप असेल तर आधी घरच्यांशी बोलून बघायचं. कांदाचाळीवाल्यांना हे लवकर पटतं. चाळीखालच्या मोकळ्या जागेत उंदीर झाले की कांद्याचं काय होतं ते त्यांना माहीत असतं. घोणस निघाली तर मात्र तिथे वाद घालायचा नसतो. ती गुपचूप वेटोळं घालून पडून राहते, जवळ गेलं की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते, आणि चाळीत पहाटे हात घालणाऱ्या बाईला तो ऐकू येईलच असं नाही.

सर्पदंशाबद्दल थोडक्यात, कारण ते सांगितल्याशिवाय हा विषय लिहिणं मला योग्य वाटत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. जवळजवळ सगळे खेड्यांतले. सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. सर्पविषावरची लस (प्रतिविष) घोड्यांच्या रक्तापासून बनते आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांसाठी असते, त्यामुळे दवाखान्यात साप मारून नेण्याची काहीच गरज नाही. घोणस-फुरशाच्या दंशात रक्त गोठणं बंद होतं. ते बघायला डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी आडवी करतात. आमच्या लॅबवाल्या मुलीने शाळांमधल्या कार्यक्रमांत हे समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हापासून मुलं घरी जाऊन सांगतात. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, अंगठी-बांगड्या काढायच्या, हात-पाय हलवू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही.

आता जे मनात बरीच वर्षं टोचतंय ते.

आमचा गट सुरू झाला तो सरपटणारे आणि उभयचर अशा दोघांसाठी. पण फोन येतो तो सापासाठी. कधीतरी घोरपडीसाठी, कधी कुणाच्या टाकीत वाढलेल्या लाल कानाच्या परदेशी कासवासाठी, "आता सांभाळवत नाही, गोदावरीत सोडू का?" म्हणून. (सोडू नका. ते आपल्या नदीतल्या कासवांचं अन्न आणि जागा खातं.) बेडकासाठी फोन येत नाही. बेडकाची कुणाला भीती वाटत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी नंबर शोधत नाही. आमचं सगळं काम भीतीने आखून दिलेल्या रस्त्यावरून चाललंय, हे मला पाथर्डीकडच्या एका प्लॉटने दाखवलं.

पडीक जागा होती, मधोमध खोलगट. पहिल्या मोठ्या पावसात तिथे गुडघाभर पाणी साचायचं आणि संध्याकाळी मोठे बेडूक यायचे. विणीच्या वेळी यांचे नर हळदीसारखे पिवळेजर्द होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. आवाज पार हमरस्त्यापर्यंत यायचा. रिक्षावाले थांबून बघायचे. पाण्याच्या कडेने नखाएवढे चिमुकले बेडूकही असायचे, आवाज मात्र अंगाच्या कितीतरी पट. एका मे महिन्यात तिथे जेसीबी आला, खोलगट भाग मुरमाने भरला, पाया खणला. त्या पावसाळ्यात आसपासच्या इमारतींतून सापाचे कॉल वाढले. दिवड, धामण, एक नाग. आम्ही धावलो, पकडले, वहीत लिहिले, सोडले. वहीत त्या जागेचा हिशेब साप मोजून पूर्ण झाला. बेडूक त्या उन्हाळ्यात मातीतच होते. डबकं आटलं की ते जमिनीत स्वतःला गाडून घेतात आणि पावसाची वाट बघत पडून राहतात. बांधकामं नेमकी त्याच महिन्यांत जोरात असतात. त्यांचा कॉल कुणी दिला नाही, देणार तरी कोण.

दिवड बेडकावर जगते. नाग उंदराइतक्याच आवडीने बेडूक खातो. भातखाचरात बेडूक किती किडे खातो ते आपण एकदा चांगलं शिकलो होतो. परदेशात पाठवायला बेडकांचे पाय तोडून पेट्यांत भरले जायचे, शेतांत किडी वाढल्याची ओरड झाली, आणि १९८७ मध्ये सरकारने निर्यात बंद केली. त्या बंदीने मारणारे हात थांबले, पण डबकं बुजवायला बंदी नाही, आणि द्राक्षाच्या पट्ट्यात पाण्यात उतरणाऱ्या फवारणीलाही नाही. बेडूक कातडीतून पाणी शोषतो. पाण्यात जे असेल ते तो कातडीवाटे आत घेतो.

म्हणून आम्ही आता रात्री बाहेर पडतो, कॉल नसताना. त्र्यंबक रोडला, अंजनेरीच्या पायथ्याशी, गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला. गमबूट, बॅटरी, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा. शक्यतो हात लावायचा नाही. लावायचाच तर हात ओले असावेत, सॅनिटायझर किंवा डासांचं मलम अजिबात लागलेलं नसावं. एका डबक्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट घासून धुवायचे, कारण बेडकांना संपवणारी बुरशी चिखलातून पसरते. निम्मं काम कानांचं. कोणाचा आवाज येतोय, किती बाजूंनी येतोय, कुठे गप्प आहे. अंजनेरीजवळ गुरांच्या पाण्याच्या सिमेंटच्या हौदावर एकदा पांढरा फेस चिकटलेला दिसला. बरोबरच्या गुराख्याला वाटलं कुणी साबण टाकला. झाडबेडकाचं घरटं होतं ते. मादी अंड्यांबरोबर पाझरलेला द्रव पायांनी घुसळून घुसळून फेस करते, वरून तो सुकतो, आत ओल राहते, पिल्लं तयार झाली की थेट खाली पाण्यात पडतात. गुराख्याने हौद घासायचं पुढच्या आठवड्यावर ढकललं आणि रोज फोन करून खबर देत राहिला.

रस्त्यावरचं मात्र बघवत नाही. पहिल्या पावसाच्या रात्री त्र्यंबक रोड ओलांडणारे बेडूक आणि त्यांच्या मागचे साप चाकांखाली जातात. आम्ही ठरावीक पट्टा चालत मेलेले मोजतो, पट्टा आणि तारीख लिहितो. सिंहस्थाच्या तयारीत सगळीकडे रस्ते रुंद होताहेत, घाटांची कामं चालू आहेत. यात्रेकरूंना रस्ता हवा, हे मी नाशिककर म्हणून नाकारणार नाही. पण रस्त्याखालची मोरी सुकी आणि मोकळी ठेवली तर बेडूक, घोरपड, साप तिच्यातून जातात, आणि त्याला वेगळा खर्च फारसा येत नाही. कुठे ठेवायची ते सांगायला आकडे लागतात. ते आकडे कुणाकडे नसतात, म्हणून आम्ही गोळा करतोय.

कॉलेजची पोरं सुरुवातीला या रात्रींना कंटाळायची. मी त्यांना दोष देत नाही. नाग पकडला की गल्ली टाळ्या वाजवते, बेडकाचा आवाज टिपला तर आईसुद्धा विचारते, "एवढ्या पावसात कशाला?" पण टाळ्यांसाठी आलेला मुलगा एक दिवस फणा घेऊन व्हिडिओ काढतो, हे मी दुसरीकडे घडताना पाहिलंय. चिखलात दोन तास बसून राहायला शिकलेला मुलगा सापाशीही घाई करत नाही. गेली काही वर्षं आम्ही नवीन मुलाला स्टिक हातात देण्याआधी एक पूर्ण पावसाळा बेडकांबरोबर ठेवतो. त्यातले काही गळतात. उरतात त्यांच्यावर मी रात्री दोन वाजता घोणसीचा कॉल निर्धास्त सोपवते.

नांदूर मध्यमेश्वरला आता थंडीत पक्षी बघायला गर्दी असते. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, दुर्बिणी आल्या, गावातले तरुण गाइड झाले. त्याच पाण्यात पावसाळ्यात काय चालतं ते बघायला जवळजवळ कोणी जात नाही. तिथल्या एका तरुण गाइडने यंदा जुलैत आमच्याबरोबर यायचं कबूल केलंय, त्याच्याकडे चांगला रेकॉर्डरही आहे.

पुढच्या मृगासाठी आम्ही डबक्यांची यादी करतोय. शहरातली आणि शहराच्या कडेची, ज्यांत पाणी निदान महिनाभर टिकतं अशी. प्रत्येक डबक्याला एक माणूस, जो पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात रोज अंधार पडल्यावर दहा मिनिटं तिथे उभा राहील आणि ऐकलेलं लिहून ठेवील. म्हसरूळची दोन घेतली गेलीत, मखमलाबादचं एका शाळेच्या शिक्षिकेने घेतलंय, नासर्डीकाठचं आमच्या फिटरच्या बायकोने. पेठ रोडची आणि बोरगडच्या पायथ्याची अजून कुणी घेतलेली नाहीत. त्या बाजूला राहणारं कोणी हे वाचत असेल, तर गमबूट आमच्याकडे जादा आहेत.